पहिला कंटेनर मागवताय? या चुका टाळा

न्हावाशेवा बंदरावर कस्टम्स ब्रोकर (आयातदाराच्या वतीने कस्टम्सचं काम करणारा) म्हणून काम करताना एक प्रश्न रोज कानावर पडतो: "साहेब, बोट लागतेय, एचएस कोड काय टाकू?" एचएस कोड म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, ड्युटी त्यावरून ठरते. हा प्रश्न सप्लायरला पैसे पाठवण्याआधी विचारायचा असतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सप्लायरच्या इनव्हॉइसवरचा कोड तसाच उचलणं. 2021 साली एक तरुण व्यापारी माल अडकल्यावर माझ्याकडे आला. इनव्हॉइसवर "प्लास्टिकच्या वस्तू", कोड 3926. तपासणीला मी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, हजर होतो. सील कापलं, पहिलंच खोकं फोडलं, आत रिमोटच्या गाड्या. अधिकाऱ्यांनी एक गाडी उलटी केली. पोटावर युरोपातली सीईची खूण होती, आपली आयएसआय कुठेच नाही. खेळणी 9503 मध्ये जातात. टॅरिफच्या, म्हणजे कोड आणि ड्युटीच्या सरकारी यादीच्या, 39 व्या (प्लास्टिकच्या) चॅप्टरच्या नोट्समध्येच लिहिलंय की 95 मधली खेळणी इथे येत नाहीत. तेवढी एक ओळ कुणी वाचली नव्हती. खेळण्यांवरची मूळ ड्युटी 2020 च्या बजेटमध्येच 20 वरून 60 टक्के झाली होती. फरक त्याने कसाबसा भरला असता. पण 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चं लायसन्स आणि आयएसआय खूण सक्तीची झाली होती आणि ते लायसन्स परदेशातल्या कारखान्याकडे असावं लागतं. माल बंदरात आल्यावर ते कुठून आणणार? दंड भरून सगळा माल परत पाठवला. वर सीएफएसचं भाडं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचा आकार). वडिलांची एफडी मोडून धंदा सुरू केला होता पोराने. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी नुसत्या फोटोवर कोड सांगत नाही. सॅम्पल हातात घेतो, कशाचं बनलंय, कशासाठी वापरतात ते लिहून काढतो, मग टॅरिफ उघडून आधी नोट्स वाचतो. याला एक दिवस लागतो. तेवढा धीर नसेल त्याने इम्पोर्टच्या धंद्यात पडू नये.

"किंमत निम्मी दाखवू" म्हणणाऱ्याला मी तिथेच नाही म्हणतो. तसाच माल इतरांनी काय भावाने आणला, हे कस्टम्सला दिसतं. मुद्दाम ड्युटी चुकवल्याचं ठरलं तर ड्युटी, व्याज आणि शिवाय ड्युटीइतकाच दंड.

ड्युटी नुसत्या इनव्हॉइसच्या रकमेवर काढू नका. भाडं आणि विमा धरायचा, मूळ ड्युटीवर सहसा 10 टक्के समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यावर आयजीएसटी.

बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा तपशील) बोट लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000.

आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करा, काही बदललं नसलं तरी.

आणि खोक्यात नक्की काय आलंय याचीच खात्री नसेल, तर फर्स्ट चेक मागा. आधी तपासणी होते, मग असेसमेंट, म्हणजे ड्युटीची आकारणी. दोन-तीन दिवस जास्त जातात, ते जाऊ द्या.