आवडता अ‍ॅम्बियंट अल्बम मित्रांना ऐकवताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे आमचा आठ-दहा जणांचा ऐकणाऱ्यांचा कंपू आहे. कुणी शिक्षक, कुणी मेडिकलवाला, दोघं-तिघं शेती करणारे. गेली काही वर्षं मी एकच प्रकार पुन्हा पुन्हा बघतोय. एखाद्याला एक अ‍ॅम्बियंट अल्बम, म्हणजे ठेका-शब्द जवळजवळ नसलेलं, लांब सुरांचं सावकाश संगीत, मनापासून आवडतो, तो भरून येऊन चार जणांना पाठवतो आणि चारही जण 'ठीक आहे' म्हणून गप्प बसतात. मग पाठवणारा खट्टू होऊन निकाल देतो, की आपल्याकडच्या लोकांना हे संगीत झेपत नाही.

हा निकाल मला अजिबात मान्य नाही. ज्यांचे आजोबा रात्ररात्र भजनात बसायचे, त्यांना लांबलेला सूर झेपत नाही हे मला पटत नाही. बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत संगीत पोहोचतच नाही, पोहोचतो तो त्याचा चोथा. आणि चोथा करणारे आपण असतो.

उदाहरणासाठी मी सगळीकडे एकच अल्बम धरतो, कारण कंपूत सर्वांत जास्त हाल त्याचे झालेत: ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचा 'अ‍ॅम्बियंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. हे काम १९७८ सालचं. चार ट्रॅक, सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपास.

व्हिडिओ कॉलवर 'सगळे मिळून ऐकू' म्हणणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

२०२० चा लॉकडाऊन. सगळे घरात अडकलेले. मी ठरवलं, शनिवारी रात्री नऊला सहा जणांनी कॉलवर यायचं आणि मी माझ्या चांगल्या स्पीकरवर हा अल्बम लावायचा. मोबाइल स्पीकरसमोर टेकवून ठेवला. खोलीतला पंखा बंद केला, दाराला खालून चादर लावली. पहिला ट्रॅक सुरू झाला. त्यातला पियानो रॉबर्ट वायटने वाजवलाय, एकेक सूर सुटा आणि मागे लांब शेपूट. माझ्या खोलीत ते शेपूट भिंतीपर्यंत जात होतं. समोरच्यांना नुसतं 'टिंग' ऐकू येत होतं आणि पुढे कापल्यासारखी शांतता.

दुसऱ्या ट्रॅकला तर कहर झाला. त्यात फक्त माणसांचे आवाज आहेत. एक 'आ' हळूहळू वर येतो, थांबतो, विरतो. समोर त्यातला अर्धा सेकंद पोहोचायचा, बाकी गिळलं जायचं. धुळ्याच्या मित्राने विचारलं, "भाऊ, लाइट गयी का?" कुणाच्या तरी घरातलं पोरगं "मम्मी, पाणी" म्हणालं, ते मात्र सहाही जणांना लख्ख ऐकू आलं. विसाव्या मिनिटाला मी कॉल बंद केला. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण त्या सहापैकी दोघांनी नंतर हा अल्बम कधी उघडलाच नाही.

कारण सोपं आहे. कॉलची सगळी यंत्रणा बोलण्यासाठी बांधलेली असते. बोलणं तुटक असतं, शब्द येतो आणि थांबतो. जो आवाज सलग, एकसारखा चालू राहतो त्याला ती यंत्रणा पंखा, गाडी, मिक्सर समजते आणि दाबून टाकते. अ‍ॅम्बियंट संगीत म्हणजे बहुतांशी सलग चालणारा आवाज. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांना हे तानपुऱ्यावरून लगेच कळलं होतं. गुरूचा आवाज पलीकडे जायचा, तानपुरा वाटेत गायब व्हायचा.

काही अ‍ॅपमध्ये 'ओरिजिनल साउंड' किंवा 'नॉइज सप्रेशन बंद' अशी सेटिंग असते. संगणकाचा आवाज थेट शेअर करायचीही सोय असते. घाई असेल तर ते करा. मी करत नाही. माझी पद्धत अशी: प्रत्येकाने अल्बम आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर लावायचा. कॉल फक्त 'तीन, दोन, एक, सुरू' म्हणण्यापुरता. मग सगळ्यांनी कॉल सोडायचा आणि पाऊण तासाने परत यायचं. दोन-तीन सेकंद मागेपुढे झाले तर काही बिघडत नाही.

स्टेटसला 'बेस्ट पार्ट' टाकणं

नव्याने या संगीतात आलेल्या पोरांचा हा आवडता उद्योग. अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढायचा, खाली तापीवरच्या सूर्यास्ताचा फोटो लावायचा. मी पोरांना एकदा बसवून समजावलं, की या अल्बमला 'बेस्ट पार्ट' असूच शकत नाही.

दुसरा ट्रॅक घ्या. ईनोने एकेक गायलेला सूर टेपची दोन टोकं जोडून केलेल्या, वेगवेगळ्या लांबीच्या फेऱ्यांवर घेतला. त्यानेच सांगितल्याप्रमाणे एक सूर दर २३.५ सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ २६ सेकंदांनी, तिसरा जवळजवळ ३० सेकंदांनी. फेऱ्या सुरू करून दिल्या, की त्या आपापल्या चालीने फिरत राहतात. कधी दोन सूर एकावर एक पडतात, कधी मध्ये मोठी मोकळी जागा राहते, आणि तीच जुळणी पुन्हा लवकर येत नाही. आता यातले ३० सेकंद कापले तर हातात काय येणार? एखाद-दुसरा 'आ' आणि गप्पपणा. ऐकणाऱ्याला वाटतं फाइल खराब आहे. त्याचं बरोबरच आहे, त्याला आपण रहाटाचं एकच पोहरं दाखवलेलं असतं.

तुकडा पाठवायचाच असेल तर निदान एक अख्खा ट्रॅक पाठवा. पहिला साधारण १७ मिनिटांचा आहे. १७ मिनिटं ज्याच्याकडे आज नाहीत, त्याला पुढच्या आठवड्यात द्या.

आता काही झटपट

शफल बंद करा. या अल्बमच्या ट्रॅकना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत: १/१, २/१, १/२, २/२. पहिला आकडा ट्रॅकचा, दुसरा रेकॉर्डच्या बाजूचा. म्हणजे क्रम नावातच लिहिलाय, तरी लोक शफलवर ऐकतात आणि मग मला सांगतात की सगळं सारखंच वाटलं.

जाहिराती असलेल्या फुकट अ‍ॅपवरची लिंक कुणालाही पाठवू नका. शांत चाललेल्या सुरात एकदम साबणाची जाहिरात आली, की माणूस दचकतो आणि ते दचकणंच त्याच्या लक्षात राहतं.

मोबाइल स्पीकरजवळ धरून व्हॉइस नोट करू नका. कॉलवर जे झालं तेच तिथे होतं, वर दोन्ही कानांत एकच, सपाट आवाज.

१२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबून लहान केलेली एमपीथ्री हिंदी गाण्याला चालून जाते. इथे लांब सुरामागे पाण्यात कागद चोळल्यासारखी सळसळ ऐकू येते. ३२० घ्या किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणारी फाइल घ्या.

'झोप यायला मस्त आहे' असं सांगून देऊ नका. झोपेची गोळी म्हणून दिलेलं संगीत माणूस पुन्हा जागेपणी ऐकत नाही.

आणि पेनड्राइव्हवर चाळीस अल्बमची झिप देणं बंद करा. एक तर ती चोरी आहे. शिवाय चाळीसातला एकही ऐकला जात नाही. एकच द्या, विकत घेऊन द्या. छोट्या कलाकारांचं संगीत बँडकँपवर मिळतं. तिथे डिजिटल विक्रीतून साइट साधारण १५ टक्के आणि पेमेंटचं शुल्क कापते, बाकीचे पैसे वाजवणाऱ्याकडे जातात, आणि घेणाऱ्याला फ्लॅकही उतरवून घेता येतं. वाढदिवसाला मी हेच देतो.

कूलर चालू असताना ऐकवणं

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा घरोघरी कूलर घोंघावत असतो. त्याचा आवाज खर्जापासून वरपर्यंत पसरलेला असतो. हळू सूर त्याखाली बुडतात. मग लोक काय करतात, आवाज वाढवतात. वाढवला की पियानो टोचायला लागतो, कारण हे संगीत मुळात हळू वाजायलाच केलेलं आहे.

यामागची गोष्ट माहीत असावी. १९७५ साली ईनोला अपघात झाला, तो अंथरुणावर होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्पची एक रेकॉर्ड आणून दिली. त्याने ती कशीबशी लावली आणि परत आडवा झाल्यावर कळलं, की आवाज फार कमी आहे आणि एका बाजूचा स्पीकर बंदच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसात मिसळून येणारे ते थोडेसे सूर तो तसेच ऐकत राहिला आणि ऐकायची ही एक वेगळीच तऱ्हा त्याला सापडली.

म्हणून माझा नियम: मार्च ते जून मी कुणाला नवा अल्बम देत नाही. मृगाचा पाऊस झाला, कूलर झाकून ठेवले, की देतो. ज्याला अगदीच धीर नाही त्याने पहाटे पाचला गच्चीवर ऐकावं. त्या वेळी आमच्याकडेही हवा बरी असते.

भरीत पार्टीत लावणं

हे मागच्याच्या मागच्या डिसेंबरातलं. यावलकडे मामांचं केळीचं शेत आहे. थंडीत तिथे भरीत असतंच. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरी लांब वांगी, साल काळी होऊन सुटली की बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात टाकून ठेचायची, वरून कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. पंचवीस-तीस माणसं.

आमच्या कंपूतल्या एका तरुणाला वाटलं, आभाळ मोकळं, जाळ पेटलेला, याहून चांगली जागा कोणती? त्याने ब्लूटूथ स्पीकर बैलगाडीच्या जुवावर ठेवला आणि तोच अल्बम लावला. मी नको म्हणालो होतो. पाच मिनिटांत दोघांनी स्पीकर उचलून चार्जिंग तपासलं. "हाई काय शे भाऊ?" असं एकाने नीट, खरोखर जाणून घ्यायला विचारलं. पण तेवढ्यात जाळावर वांगी फुटत होती, बडगीत मुसळी चालू होती, उत्तर कोण ऐकणार? पंधराव्या मिनिटाला कुणाच्या तरी मोबाइलवरून अहिराणी डीजे लागला आणि सगळे खुलले. आमचा पोरगा अंधारात जाऊन बसला, त्याचे डोळे भरले होते.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. त्या लोकांची काही चूक नव्हती. भरताच्या रात्री बोलायचं असतं, हसायचं असतं, नाचायचं असतं, आणि ती गाणी त्यासाठीच आहेत. ईनोने याच अल्बमसोबतच्या टिपणात लिहिलंय, की असं संगीत लक्ष देऊन ऐकता आलं पाहिजे आणि त्याकडे दुर्लक्षही करता आलं पाहिजे. आपण तीस जणांना गप्प बसवून लक्ष द्यायला लावत होतो. दहा इंचांचा स्पीकर उघड्या शेतात खर्ज काढू शकत नाही ही गोष्ट वेगळीच. जे संगीत एकट्याला द्यायचं ते एकट्यालाच द्या. घोळक्यातला एखादा आपण होऊन विचारायला येतो, त्याची वाट बघा.

आला तो माणूस निघाला मामाच. आठवड्याने फोन आला, "भाचे, ते तुझं हळू वाजणारं काय होतं?"

मामांना शेतीची लाइट आलटून पालटून रात्रीची असते. मोटार चालू करायची, फिल्टर बघायचा, ठिबकचे कॉक फिरवायचे, मध्ये तास-दीड तास खाटेवर बसून राहायचं. मी त्यांच्या मोबाइलमध्ये अल्बम उतरवून ठेवला, कारण शेतात रेंज नाही. पहिल्या स्क्रीनवर एकच बटण ठेवलं. आणि एक काम आठवणीने केलं, जे बहुतेक जण विसरतात. मोटारीकडे कान हवा म्हणून मामा एकाच कानात इअरफोन घालतात. अशा माणसाच्या फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करावं लागतं, नाहीतर दुसऱ्या बाजूचे सूर त्याला मिळतच नाहीत. दोन्ही कानांनी ऐकण्याची मजा त्यात जाते, पण काही हरवत तरी नाही.

मग महिनाभर मी काहीच विचारलं नाही. 'कसं वाटलं?' हा प्रश्न देणाऱ्याने विचारायचाच नसतो, समोरचा परीक्षेला बसल्यासारखा होतो.

संक्रांतीला घरी आले तेव्हा तिळगूळ तोंडात टाकता टाकता मामाच बोलले. "तो पियानो एकच वळण घेतो रे. परत येतो, पण दरवेळी तसाच येत नाही. मी कॉक फिरवायला गेलो की वाटतं, आता येईल. येत नाही. खाटेवर बसलो की येतो."

मी विचारलं, "आणि दुसरी बाजू?"

"ती अजून लावली नाही," मामा म्हणाले. "पहिलीच पुरतेय."