पाइंट मोजायचा, पण कुठला?

पाककृतीत '१ पाइंट दूध' असं लिहिलेलं असेल तर मोजायचा जग हातात घेण्याआधी ती पाककृती कुठली आहे ते पाहा. ब्रिटिश (इम्पिरियल) पाइंट ५६८ मिली, अमेरिकन पाइंट ४७३ मिली. दोन्हीकडे पाइंट म्हणजे गॅलनचा आठवा भाग, पण गॅलनच वेगळे. अमेरिकेने जुना वाइन गॅलन चालू ठेवला, ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने मोठा गॅलन ठरवला. पाइंटमागे ९५ मिलीचा फरक पडतो. रश्श्यात तो खपून जातो. जेली किंवा कस्टर्डमध्ये मात्र तेवढं जास्तीचं दूध-पाणी गेलं की ते नीट धरतच नाही.

ओळखायचं कसं? साहित्यात 'कप', 'क्वार्ट' किंवा बटरची 'स्टिक' असेल तर बहुधा अमेरिकन. पीठ-साखर औंसात (वजनाने) आणि द्रव पाइंटात दिलं असेल तर बहुधा ब्रिटिश. सर्वांत पक्की खूण फ्लुइड औंसांची, म्हणजे द्रव मोजायच्या औंसांची: पाइंटाचे २० असतील तर ब्रिटिश, १६ असतील तर अमेरिकन. हे फ्लुइड औंसही सारखे नाहीत, ब्रिटिश २८.४ मिली आणि अमेरिकन २९.६. त्यामुळे ब्रिटिश पाककृतीतले औंस अमेरिकन जगाने मोजू नका. जुन्या पुस्तकांतला 'जिल' म्हणजे पाव पाइंट: ब्रिटिश १४२ मिली, अमेरिकन ११८.

जगावर नुसतं 'पाइंट' छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. त्या रेघेपर्यंत पाणी भरून काट्यावर वजन करा, रिकाम्या जगाचं वजन वजा करून. ५६८ ग्रॅमच्या आसपास भरलं तर ब्रिटिश, ४७३ च्या आसपास तर अमेरिकन. भरताना जग सपाट ओट्यावर ठेवा आणि डोळे रेघेच्या पातळीवर आणून बघा. हातात धरून वरून वाचलं तर माप हमखास चुकतं. खरं तर वजनकाटा असेल तर रेघा वाचायची गरजच नाही. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, म्हणून ब्रिटिश पाइंट दूध सुमारे ५८५ ग्रॅम आणि अमेरिकन ४८७. तेल हलकं: सुमारे ५२३ आणि ४३५.

'१ पाइंट स्ट्रॉबेरी' ही भानगड निराळी. अमेरिकेत फळांसाठी सुका पाइंट आहे, ५५१ मिलीचा. तेवढ्या आकाराच्या डब्यात फळं सैल भरायची, दाबायची नाहीत.

बिअरच्या ग्लासाने स्वयंपाकात मोजू नका. काही ब्रिटिश ग्लास काठोकाठ भरल्यावर पाइंट होतात, काहींना काठाखाली रेघ असते. अमेरिकन ग्लास बहुतेकदा काठापर्यंत १६ औंसांचा असतो, म्हणजे वर फेस आला की बिअर तेवढी कमीच. ऑस्ट्रेलियात पाइंट सहसा ५७० मिलीचा, पण साऊथ ऑस्ट्रेलियात त्याच नावाने ४२५ मिली मिळते.