जुन्या गिरण्यांची शेअर सर्टिफिकेटं जमवायचीत? आधी मागची बाजू वाचा

नाणी आणि पोस्टाची तिकिटं जमवणारे ढीगभर भेटतात, पण जुन्या कंपन्यांचे शेअर आणि डिबेंचरचे (म्हणजे कंपनीने लोकांकडून व्याजाने घेतलेल्या कर्जाचे) कागद जमवणारे आपल्याकडे अजून कमीच आहेत. सुरुवात करायची तर आधी एक धागा पकडा. मी कापडगिरण्या धरल्यात, तुम्ही रेल्वे धरा, साखर कारखाने धरा, पण दिसेल ते घेत सुटू नका, कपाट भरतं आणि त्यातून काही कळत नाही.

मग कंपनीचं कागदोपत्री नाव शोधून ठेवा, नवीन माणूस इथेच अडकतो. नागपूरची एम्प्रेस मिल सगळ्यांना माहितीये, पण जमशेटजी टाटांनी १८७४ साली काढलेल्या त्या कंपनीचं नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, त्यामुळे नुसतं एम्प्रेस एम्प्रेस करत गठ्ठा चाळलात तर हातातला कागदही बाजूला ठेवून द्याल. सोलापूरकर जिला जुनी मिल म्हणतात ती म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, स्पेलिंगही तसंच जुनं.

कुठे मिळतात? मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, नाण्यांची प्रदर्शनं, ऑनलाइन लिलाव, आणि सगळ्यात भारी म्हणजे रद्दीवाले. ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगूनच ठेवा.

कागद हातात आला की कंपनीच्या शिक्क्यावरून बोट फिरवा, उठावाचा शिक्का असेल तर तो बोटाला लागतो, कलर झेरॉक्सवर तिथे सपाट लागतं. सह्या भिंगातून बघा, शाईची सही आणि छापलेली सही यातला फरक लगेच कळतो (छापील सही म्हणजे खोटा कागद असं मात्र नाही, अनेक कंपन्या सह्या छापायच्याच). शेअरचे नंबर अमुकपासून तमुकपर्यंत लिहिलेले असतात, ते मोजून शेअरच्या संख्येशी जुळतायत का बघा.

आता पलटा. बहुतेक लोक समोरची नक्षी बघून पैसे देतात, पण माझ्या मते खरा माल मागे आहे. शेअर कोणाकडून कोणाकडे गेला त्याच्या नोंदी बऱ्याच कागदांवर तिथेच असतात, नवरा गेल्यावर बायकोच्या नावावर, मग मुलाच्या, मग एखाद्या दलालाच्या. शिवाय शेअरचे किती पैसे भरलेत (म्हणजे पेड अप) आणि किती बाकी आहेत तेही कागदावर शोधा. शोलापूर मिलचा कारभार १९५० मध्ये सरकारने ताब्यात घेतला, सरकारने नेमलेल्या डायरेक्टरांनी प्रेफरन्स शेअरवरची (ज्यांना लाभांश आधी मिळतो ते शेअर) भरायची उरलेली रक्कम मागितली, आणि द्वारकादास श्रीनिवास नावाच्या शेअरहोल्डरने थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन १९५३ मध्ये केस जिंकली! हे माहिती असलं की "पेड अप"ची ओळ कोरडी वाटत नाही.

डिबेंचर किंवा बाँड असेल तर कुपनं, म्हणजे कागदाला जोडलेल्या व्याजाच्या चिठ्ठ्या, बघा. व्याज घेतलं की कुपन कापलं जायचं, म्हणून उरलेल्या कुपनांवरून व्याज कुठपर्यंत उचललं गेलं याचा अंदाज येतो. रद्द केल्याची भोकं किंवा शिक्का असला तरी घाबरू नका, संग्रहासाठी ते चालतं.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. कंपनी अजून चालू असेल तरी कागद तुमच्या हातात आला म्हणून शेअर तुमचा होत नाही, तो रजिस्टरवर नाव असलेल्याचा किंवा त्याच्या वारसांचा. आणि "हा जुना परदेशी बाँड आहे, सरकारकडून कोट्यवधी मिळतील" असं कोणी म्हणालं तर तिथून उठाच, ही जुनी फसवणूक आहे.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, गंजक्या टाचण्या हळूच काढा. पीव्हीसीच्या पिशव्या कागद खराब करतात, पॉलिएस्टरच्या घ्या आणि सर्टिफिकेट घडी न घालता आडवं ठेवा. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल आली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात.

परदेशात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांना ७५ वर्षांची मर्यादा आहे, त्याहून जुना असा कागद भारताबाहेर न्यायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या, बॅगेत टाकून नेऊ नका.