परदेशात राहायला गेल्यावरची नोंदणी आणि ओळखपत्र: या चुका टाळा

व्हिसा हातात पडला की कागदपत्रांचं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. व्हिसा मुख्यतः सीमेवरून आत जाण्यापुरता असतो. आत गेल्यावर तुम्ही कोण, कुठे राहता आणि किती काळ राहणार, याची नोंद त्या देशाच्या दप्तरी करावी लागते. त्या नोंदणीतून ओळखपत्र किंवा ओळख क्रमांक मिळतो आणि बँक खातं, पगार, आरोग्य विमा, मोबाइलचं कनेक्शन हे सगळं त्यावर अवलंबून असतं. इथे अडकलेली माणसं नियम मुद्दाम मोडणारी क्वचितच असतात. बहुतेकांनी "सामान लागू दे, मग बघू" एवढंच म्हटलेलं असतं.

मुदत कुठून मोजायची हेच न बघणं

मुदत किती आहे हे सगळे विचारतात. ती कोणत्या दिवसापासून सुरू होते हे फार थोडे विचारतात. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, देशात उतरल्यापासून नव्हे. जपानमध्ये राहण्याचा पत्ता पक्का झाल्यापासून १४ दिवसांत तिथल्या नगरपालिकेत जाऊन तो कळवायचा. इटलीत निवास परवान्याचा अर्ज देशात आल्यापासून कामाच्या ८ दिवसांत भरायचा. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून ५ दिवसांत नोंदणीसाठी हालचाल करायची. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीच्या ज्या व्हिसालाच निवास परवान्याचा दर्जा असतो, तो पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे न केल्यामुळे व्हिसाची तारीख शिल्लक असूनही लोक अडचणीत येतात.

चीनची मुदत फार कडक. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेलवालेच करतात, पण मित्राच्या किंवा भाड्याच्या घरी राहिलात तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची जबाबदारी तुमची आणि घर देणाऱ्याची. बाहेरगावी जाऊन परत आल्यावर पुन्हा नोंद करायची का, हे त्याच ठाण्यात विचारून घ्या. थायलंडमध्येही परदेशी माणूस राहायला आल्याचं २४ तासांत कळवायचं असतं, पण तिथे ते काम घरमालकाचं. त्यानं ते केलं नसेल तर पुढे तुमचा अर्ज अडतो. म्हणून घरात पाऊल ठेवल्याबरोबर त्याच्याकडून पोचपावती मागून घ्या. त्याशिवाय तिथे सलग राहणाऱ्याला दर ९० दिवसांनी स्वतःचा पत्ता कळवावा लागतो. त्यासाठी देय तारखेच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस एवढी सवड असते.

अमेरिकेत गोंधळ होतो तो वेगळाच. व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे तिथे राहण्याची शेवटची तारीख, असा समज करून घेतात. राहण्याची मुदत ठरते ती प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या नोंदीवरून. ती ऑनलाइन पाहता येते. विमानतळावरून घरी पोचल्यावर त्याच दिवशी ती उघडा, नाव आणि तारीख तपासा, एक प्रत काढून ठेवा. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी कधी कधी पासपोर्टच्या तारखेपर्यंतचीच मुदत देतात, आणि हे वर्षभरानंतर लक्षात आलं तर फार उशीर झालेला असतो.

मोठ्या शहरांत मुदतीच्या आत अपॉइंटमेंटच मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी गप्प बसू नका. मिळेल ती पुढची तारीख घ्या आणि ती मुदतीच्या आतच मागितल्याचा पुरावा ठेवा: बुकिंगचा ईमेल, तारखेसकट स्क्रीनशॉट. प्रयत्न वेळेत केल्याचं दिसलं तर खिडकीवरचा माणूस सहसा समजून घेतो.

पत्ता गृहीत धरणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बाहेरून आलेला माणूस नोकरी आणि भाडं पाहून घर घेतो. त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे विचारायचं राहून जातं. पोटभाड्यानं खोली देणारे अनेकजण नोंदणीला नकार देतात, कारण त्यांनी स्वतःच मूळ मालकाची परवानगी घेतलेली नसते. जर्मनीत नुसता भाडेकरार चालत नाही. घर देणाऱ्यानं सही केलेला स्वतंत्र दाखला लागतो, आणि तो देणं कायद्यानं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो देत नसेल तर नोंदणी कचेरीला सरळ सांगा, ती त्याच्याकडे विचारणा करू शकते. पण हा वाद होण्यापेक्षा पैसे भरण्याआधी एक ओळ लिहून विचारलेली बरी: "या पत्त्यावर माझी नोंदणी होईल ना, आणि दाखल्यावर सही कोण करणार?" उत्तर टाळाटाळीचं आलं तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

यातून पळवाट म्हणून ओळखीच्या माणसाचा पत्ता देतात. प्रत्यक्षात न राहता नोंदणीसाठी नुसता पत्ता पुरवणं हा जर्मनीत ५०,००० युरोंपर्यंतच्या दंडाचा विषय आहे. तो दंड पत्ता देणाऱ्याला होऊ शकतो. ज्यानं मदत म्हणून होकार दिला, त्यालाच आपण खड्ड्यात घालतो.

पत्ता नोंदवला तरी पत्र पोचायला हवं. जर्मनीत सहसा फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नोंदणीनंतर कर क्रमांकाचं पत्र याच पद्धतीनं येतं. पेटीवर तुमचं नाव नसेल तर ते पत्र परत जातं, कर क्रमांकाशिवाय पहिल्या पगारातून जास्तीत जास्त दरानं कर कापला जाऊ शकतो, आणि तुम्ही मात्र कंपनीच्या लेखा विभागाशी भांडत बसता. कागदाच्या पट्टीवर पासपोर्टप्रमाणे आडनाव लिहा आणि पहिल्याच संध्याकाळी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं नाव हवं.

घर बदललं की हे सगळं पुन्हा करायचं. कंपनीला, विद्यापीठाला किंवा बँकेला नवा पत्ता कळवला म्हणजे सरकारला कळवला असं होत नाही. अमेरिकेत घर बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरायचा असतो. तो ऑनलाइन आणि फुकट आहे, तरी लोक विसरतात. विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीलाही त्याच मुदतीत कळवायचं. जपानमध्ये एका गावातून दुसऱ्या गावात जाताना आधी जुन्या नगरपालिकेत निघत असल्याची आणि मग नव्या ठिकाणी आल्याची नोंद करतात, आणि नवा पत्ता तुमच्या निवास कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो. ९० दिवस पत्ता कळवलाच नाही तर तिथे निवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो.

नाव जसं सुचेल तसं लिहिणं

पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी नीट पाहा, जिथे मोठी अक्षरं आणि मध्ये बाणासारखी चिन्हं असतात. प्रत्येक ओळ ४४ अक्षरांची, त्यातल्या पहिल्या ओळीत नावासाठी जागा ३९ अक्षरांची. यंत्र वाचतं ते हेच. त्या ओळीत आडनाव आधी, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. कोणत्याही फॉर्मवर नावाची फोड कशी करायची याची शंका आली की या ओळीप्रमाणे करा.

पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा पतीचं नाव एकाच रकान्यात असेल, तर ते सगळं तुमचं नावच धरलं जातं. बँकेत नुसतं पहिलं नाव, निवास कार्डावर दोन्ही, नोकरीच्या करारात फक्त आद्याक्षर, अशी तीन रूपं झाली की यंत्रणेला तीन वेगळी माणसं दिसतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असणाऱ्यांना त्रास आणखी मोठा. एखादा देश नावाच्या जागी "नाव अज्ञात" अशा अर्थाचा संक्षेप घालतो, दुसरा तेच नाव दोनदा छापतो. शक्य असेल तर निघण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. तिकडे गेल्यावर दुरुस्त केला तर प्रत्येक कार्ड नव्यानं काढावं लागतं.

कार्ड हातात आल्यावर खिडकीपासून हलू नका. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, देश, मुदत, एवढं तिथेच वाचा. जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल सर्रास होते, विशेषतः जिथे महिना आधी लिहितात तिथे. खिडकीवर पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती घरी गेल्यावर नवा अर्ज आणि नवी फी मागते.

दाखले कच्चे नेणं

जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला अनेक ठिकाणी नोंदणीच्या वेळीच मागतात, आणि नुसती मूळ प्रत चालत नाही. ज्या देशांनी १९६१ चा हेग अपोस्टील करार स्वीकारला आहे तिथे सहसा मूळ देशातून अपोस्टील, म्हणजे दाखल्यावरची सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लावून न्यायचं. जे देश करारात नाहीत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिराती, तिथे वकिलातीचं साक्षांकन लागतं. क्रम महत्त्वाचा: आधी अपोस्टील, मग अनुवाद, कारण अनुवादात अपोस्टीलचा मजकूरही यावा लागतो. अनुवादक त्या देशानं मान्य केलेला हवा. स्वस्तात करून नेलेला अनुवाद बहुधा परत येतो.

कार्ड कुठे, पासपोर्ट कुणाकडे

जपानमध्ये १६ वर्षांवरच्या परदेशी माणसानं निवास कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं. जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेतही १८ वर्षांवरच्यांनी नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा असतो. फोनमधला फोटो हा कार्डाला पर्याय नाही. ब्रिटनमध्ये उलट चित्र आहे. तिथली जुनी बायोमेट्रिक कार्डं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच्या मुदतीची होती आणि आता ई-व्हिसा, म्हणजे कार्डाऐवजी दर्जाची ऑनलाइन नोंद, आहे. तिथली चूक म्हणजे पासपोर्ट नवा काढल्यावर ऑनलाइन खात्यात तो न जोडणं. मग परतीच्या विमानात चढताना एअरलाइनला तुमचा दर्जा दिसत नाही.

मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला तर ते "इथली पद्धत" म्हणून मान्य करू नका. कतारच्या २०१५ च्या कायद्यानुसार यासाठी २५,००० रियालपर्यंत दंड आहे. निवास परवान्याच्या कामापुरता पासपोर्ट द्यावा लागला तर लेखी पावती आणि परतीची तारीख घ्या.

परवान्याच्या नूतनीकरणाची नुसती पावती हातात असताना प्रवासाला निघू नका. काही पावत्यांवर देशात राहता येतं पण बाहेर जाऊन परत येता येत नाही. शेंगेन भागातल्या, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांपैकी, एका देशाचा निवास परवाना दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवस फिरायला चालतो, नोकरीला नाही. मूल परदेशात जन्मलं तर त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. जपानमध्ये बाळ ६० दिवसांहून जास्त राहणार असेल तर जन्मापासून ३० दिवसांत त्याच्या निवासाच्या दर्जासाठी अर्ज करायचा.

चूक होऊन गेली असेल तर

मुदत उलटली असेल तर आजच जा. स्वतःहून आलेला आणि पकडलेला, या दोघांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. सोबत घराचा करार, तिकीट आणि उशीर का झाला याचं अर्ध्या पानाचं साधं निवेदन न्या. राहायला आल्याची तारीख पुढची टाकायचा मोह टाळा. विमानाचं तिकीट, भाड्याची पावती आणि प्रवेशाचा शिक्का यांवरून ती लगेच उघडी पडते, आणि साध्या विलंबाचं प्रकरण खोट्या माहितीचं होऊन बसतं. मुक्कामाची परवानगीच संपली असेल तर मात्र कचेरीत जाण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा.

कार्ड हरवलं तर आधी पोलिसांत तक्रार, कारण तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो. जपानमध्ये हरवल्याचं कळल्यापासून १४ दिवसांत नव्या कार्डासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या वकिलातीत नाव नोंदवलं असेल तर संकटात ती तुम्हाला शोधू शकते, तेवढं जरूर करा. पण ती नोंद यजमान देशाच्या नोंदणीऐवजी चालत नाही.

निघताना नोंद रद्द न करणं

जर्मनी कायमची सोडताना नोंदणी रद्द करावी लागते. बाहेर पडण्याच्या जास्तीत जास्त आठवडाभर आधीपासून आणि नंतर दोन आठवड्यांपर्यंत हे करता येतं. मिळणारा दाखला जपून ठेवा, विमा आणि घरटी रेडिओ-टीव्ही शुल्क थांबवताना तो मागतात. जपानमधून थोड्या दिवसांसाठी बाहेर जात असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर परत येणार असल्याच्या चौकोनात खूण करा आणि एका वर्षाच्या आत परत या. कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याआधी. ती खूण राहिली तर तुम्ही कायमचे निघालात असं धरलं जातं, निवासाचा दर्जा संपतो आणि पुन्हा नव्या व्हिसापासून सुरुवात करावी लागते. शिक्का मारण्याआधी अधिकाऱ्याला कार्ड दाखवून तोंडानंही सांगा की परत येणार आहे.