मटण पॅटिस घेताना आधी एकच घ्या

बाहेरून मस्त फुगलेलं आणि आत नुसता कांदा, मटण पॅटिसच्या बाबतीत माझं हे खूपदा झालंय. आता मुंबईत धोबी तलावला कयानीत (१९०४ पासूनचं इराणी हॉटेल) जायचं असो किंवा वांद्र्याला हिल रोडच्या बेकऱ्यांत, आधी विचारते, "गरम ट्रे कधी येणार?" आणि त्याच वेळेला जाते, सकाळपासून काचेच्या कपाटात बसलेलं नको. मग एकच घेऊन तिथेच मधोमध तोडायचं, खिमा दाणेदार दिसला आणि तळाचा पापुद्रा कुरकुरीत असला तरच बाकीची पार्सल, तळ ओला तेलकट असला तर सरळ बनमस्का खाऊन निघायचं. घरी मायक्रोवेव्ह नको, चामट होतं, तव्यावर मंद गॅसवर झाकण न ठेवता उलटपालट करा. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये, आपल्या दमट हवेत बाहेर राहिलेला खिमा संध्याकाळी खाऊ नका.