कार्बन डायऑक्साइड आणि तापमान : आलेख काढताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसले की एक चूक हमखास समोर येते : हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेच्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांच्याशेजारी आपल्या गावाचे मे महिन्यातील कमाल तापमान मांडायचे. जळगाव जिल्ह्यातील एका प्रदर्शनात एका गटाने भुसावळच्या पाऱ्याचा असाच आलेख लावला होता. रेषा वरखाली होत होती आणि खाली ठळक अक्षरांत ‘संबंध नाही’ असा निष्कर्ष होता. शेजारच्या गटाने पारा चढत गेलेली मोजकी वर्षे निवडून ‘संबंध सिद्ध’ असे लिहिले होते. त्या वर्षांत वळीव कधी आणि किती पडला, असे विचारले, तर दोन्हीकडे शांतता. एका गावाचा एका महिन्याचा पारा ढग, वारा, वळीव आणि जमिनीतील ओल यांच्या हाती असतो. जगभर मिसळलेल्या वायूची तुलना पृथ्वीच्या सरासरी तापमानाशीच करावी. मी आधी दहा-दहा वर्षांच्या सरासऱ्या काढतो आणि मगच आलेखाचा कागद घेतो. तयार आलेख उतरवणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटते, त्याला माझा इलाज नाही.

1998 पासून आलेख सुरू करू नका. ते तीव्र एल निन्योमुळे (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेमुळे) तापलेले वर्ष होते, त्यामुळे तेथून मोजले की पुढची वाढ खरीपेक्षा कमी दिसते.

‘हिमयुग संपताना आधी तापमान वाढले, वायू नंतर, म्हणून वायू कारण नव्हे’ हा युक्तिवाद अर्धवट वाचनातून येतो. अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फात, त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून, असा क्रम दिसतो खरा. तेथे पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनी सुरुवात केली, तापलेल्या समुद्राने वायू सोडला आणि त्या वायूने तापमान आणखी वाढवले. आज समुद्र वायू सोडण्याऐवजी शोषून घेत आहे, आणि हवेतील कार्बनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचे) बदलते प्रमाण जीवाश्म इंधनाकडे बोट दाखवते.

वायू औद्योगिक काळापूर्वीच्या 280 पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) 420च्या पुढे, म्हणजे दीडपट झाला, म्हणून तापमानही दीडपट व्हावे, असे त्रैराशिक मांडू नका. प्रमाण दर वेळी दुप्पट झाले की साधारण सारखीच तापमानवाढ होते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021च्या अहवालानुसार तिचा सर्वोत्तम अंदाज 3 अंश सेल्सिअस आहे.

मौना लोआचा आकडा दरवर्षी मे महिन्यात शिखर गाठतो आणि सप्टेंबरच्या सुमारास उतरतो, म्हणून वेगवेगळ्या महिन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. वार्षिक सरासरी घ्यावी.