पगार सोडून बिलावर जाताय? आधी टॅक्सचं गणित मांडा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बारा वर्षं टूल डिझाइनला होतो, एक दिवस एचआरने केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणे पुढच्या महिन्यापासून कन्सल्टंट म्हणून या, पैसे तेवढेच. मी पण येडा, पीएफ कापला जाणार नाही म्हणून खूश. पहिलं बिल लावलं एक लाखाचं आणि खात्यात आले नव्वद हजार, बाकीचा १० टक्के टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स.

तर पहिली गोष्ट, "तेवढेच पैसे" कधीच तेवढेच नसतात. कंपनी भरायची तो १२ टक्के पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली, मेडिक्लेम गेला, एचआरए (घरभाडे भत्ता) नाही, ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) पण फक्त पगाराला (वर्षाच्या मध्ये सोडलंत तर त्या वर्षीच्या पगारावर मिळेल). माझ्या मते २०-२५ टक्के वाढवून मागा, लाजू नका.

आता चांगली बाजू. इंजिनिअर, आर्किटेक्ट, टेक्निकल कन्सल्टंट वगैरे लोकांना आयकराचं ४४एडीए कलम लागू होतं. (१ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण शरणपूर रोडचे आमचे सीए अजून जुन्याच नंबरने बोलतात आणि मी पण.) यात वर्षाच्या बिलांपैकी निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायचं नाही. मर्यादा ५० लाख, रोखीत ५ टक्क्यांच्या वर घेतलं नसेल तर ७५ लाख. म्हणजे १५ लाखांची बिलं असतील तर उत्पन्न साडेसात लाख, नवीन रिजीममध्ये (टॅक्स मोजायची नवी पद्धत) १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स माफ, आहे म्हणून टॅक्स शून्य, आणि कापलेला दीड लाख टीडीएस रिफंडमध्ये परत. फक्त निम्मं म्हणजे कमीत कमी निम्मं, खरी कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची. होम लोन काढायचं असेल तर तसंही बँकवाले रिटर्नवरचा आकडाच बघतात.

पण इथे एक गोम आहे. त्याच खुर्चीत बसताय, थंब लावताय, सुट्टीला साहेबाची परवानगी लागते, तर कागदावर कन्सल्टंट असलात तरी इन्कम टॅक्सचा ऑफिसर म्हणू शकतो की हा पगारच आहे, मग ४४एडीए नाही. ॲग्रीमेंटमध्ये कामाचं स्वरूप, रेट, बिलिंग नीट लिहून घ्या आणि जमलं तर दुसरा क्लायंट पण धरा, सातपूर-सिन्नरला काम मिळतं.

जीएसटी वेगळाच विषय. वर्षाला २० लाखांच्या वर बिलं गेली की रजिस्ट्रेशन, मग १८ टक्के बिलावर लावायचा. पगार यात मोजत नाहीत. गंमत म्हणजे २४ लाखांच्या बिलांवर इन्कम टॅक्स शून्य येऊ शकतो पण जीएसटी लागतोच, आणि रेट ठरवताना "प्लस जीएसटी" लिहिलं नसेल तर तो तुमच्याच खिशातून जातो. माझ्या मित्राचं असंच झालं, वर्षभर तोच भरत बसला.

टीडीएस कापून पण १०,००० किंवा त्याहून जास्त टॅक्स उरत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, ४४एडीएवाल्यांना एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत, नाहीतर वर्षभरात चार हप्ते. चुकलं की व्याज. मी दर बिलातून ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, बायकोला त्याचा पासवर्ड दिलाय आणि मला नाही.

जुना रिजीम हवा असेल तर जपून, धंद्याचं उत्पन्न असलं की एकदा जुन्यात जाऊन नव्यात आलात की परत जुन्यात जाता येत नाही. पगारदारांसारखं दरवर्षी बदलता येत नाही.

प्रोफेशनल टॅक्स आता कंपनी कापणार नाही, तुम्हीच नाव नोंदवून वर्षाला २,५०० भरायचे. आणि पीएफ लगेच काढू नका, पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसेल तर त्यावरही टॅक्स लागतो. माझी बारा झालेली, तरी मी तसाच ठेवलाय.